'वेल' किती वेळा, याने काय कळतं?

परभाषेत बोलणाऱ्याच्या तोंडी 'वेल', 'यू नो', 'सो' हे शब्द हजार शब्दांमागे किती वेळा आले ते मोजायचं, मूळ इंग्रजी भाषकांच्या आकड्याशी ताडायचं आणि कमी भरले की बोलणं कच्चं ठरवायचं, ही रीत संशोधनात रुळली आहे. मोजणी कुणालाही पडताळता येते, हा तिचा गुण मोठा आहे. २०१० मध्ये लूवँहून प्रसिद्ध झालेल्या 'लिंडसे' संग्रहात ११ मातृभाषांच्या विद्यार्थ्यांच्या ५५४ इंग्रजी मुलाखती आहेत. एवढी सामग्री मोजल्याशिवाय हाताळायची कशी, हा प्रश्नही रास्तच.

पण त्याच संग्रहातले स्वीडिश विद्यार्थी पाहा. कारिन आयमर यांनी २०११ मध्ये तपासलं, तर त्यांचं 'वेल' मूळ भाषकांहून जास्त निघालं. कमी म्हणजे कच्चेपणा, तर जास्त म्हणजे काय? शब्द सुचेपर्यंत वेळ काढायला ते 'वेल'चा आधार घेत होते. हे आकड्याने सांगितलं नाही, वापर पाहिल्यावर कळलं.

आपलं 'म्हणजे' घ्या. "म्हणजे... कसं सांगू" इथे बोलणारा अडखळलाय. "म्हणजे तू येणार नाहीस?" इथे तो समोरच्याच्या बोलण्याचा अर्थ लावतोय. "म्हणजे काय! येणारच" हा ठाम होकार. तक्त्यात तिन्ही एकाच रकान्यात पडतात. शिवाय नुसतं 'म्हणजे काय' कागदावर उतरलं, तर तो होकार की प्रश्न, हे हेल ऐकल्याशिवाय ठरत नाही. म्हणून ध्वनिमुद्रण न ऐकता केलेली वर्गवारी मी मानत नाही. सिमोन म्युलर यांनीही २००५ च्या पुस्तकात जर्मन विद्यार्थ्यांचे असे शब्द मोजलेच, पण शब्दाच्या प्रत्येक कामाची मोजणी वेगळी ठेवली. मोजायचं तर असं.

बोलायला काय दिलंय, यानेही आकडा हलतो. लिंडसेच्या मुलाखतीत शेवटी चार चित्रांवरून गोष्ट सांगायची असते: चित्रकारापुढे बसलेली बाई, तिला न रुचलेलं चित्र, मग बदललेलं चित्र. हे सांगणं आणि मोकळ्या गप्पा यांची बेरीज करून एकच सरासरी काढणं चूक आहे.

शिकणाऱ्याची भाषा लक्ष्यभाषेच्या मापाने जोखली, तर तिची स्वतःची घडण दिसतच नाही, असं रॉबर्ट ब्लाय-व्रोमन यांनी १९८३ मध्येच बजावलं होतं. मराठी मुलगा "यू आर कमिंग, नो?" म्हणतो, तेव्हा त्यामागे "येतोयस ना?" उभं असतं. ठरलेल्या इंग्रजी शब्दांच्या यादीत 'नो' नसेल, तर त्याच्या नावापुढे शून्य पडतं. समोरच्याची संमती मागण्याचं काम मात्र त्याने चोख केलेलं असतं. त्याच मुलाला अर्धा तास मराठीतही बोलतं करा, तेही ध्वनिमुद्रित करा आणि त्याच्या इंग्रजीशेजारी ठेवून ऐका.