आधी पालक, मग पैसा

जुहू कोळीवाड्यात माझी धाकटी बहीण राहते. तिचा मुलगा स्वमग्न आहे, आता 19 वर्षांचा. तो सहा वर्षांचा असताना एका संशोधन प्रकल्पासाठी त्याची पाहणी झाली. तीन खेपा झाल्या, तीन दिवस मासळीचा धंदा बुडाला, रिक्षाचे पैसे घरचेच गेले. त्यातून काय निघाले, हे तिला आजतागायत कोणी सांगितलेले नाही. ‘माझ्या पोराचं काय लिहिलं रे दादा त्यात?’ या तिच्या प्रश्नाने मी, ना डॉक्टर ना मानसशास्त्रज्ञ, या इतिहासात शिरलो.

हा इतिहास पालकांच्या कागदापासूनच सुरू होतो. 1943 साली लिओ कॅनर यांनी बाल्टिमोरहून 11 मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांतल्या पहिल्या मुलाच्या वडिलांनी आधीच 33 पानांचे टंकलिखित टिपण पाठवले होते. पुढे मात्र आईच्या ‘थंडपणा’वर खापर फुटले. 1964 साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न मुलाचा बाप होता, आपल्या पुस्तकातून हा आरोप खोडून काढला. पुस्तकाच्या शेवटी त्याने एक प्रश्नावली जोडली आणि पालकांनी ती भरून टपालाने पाठवली. इंग्लंडमध्ये 1962 साली आणि अमेरिकेत 1965 साली संघटना उभ्या केल्या त्या पालकांनीच. म्हणजे संशोधनाला घरे मिळाली, ती अनुदानाच्या आधी.

आपल्याकडेही वाट हीच. मुंबईत 1944 साली सुरू झालेली जय वकील शाळा आईवडिलांच्याच गरजेतून उभी राहिली. 1995 च्या अपंगांविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. ते 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले आणि 2016 च्या कायद्यात 21 अपंगत्वांच्या यादीत बसले. कायद्यात नाव नसेल तर सरकारी खर्चात त्या नावाचे खाते उघडत नाही, हे इथे लक्षात घ्यावे.

जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. तिथल्या ‘संगात’ संस्थेने रावळपिंडीतल्या सहकाऱ्यांसोबत 65 मुलांवर एक चाचणी केली. पैसा ‘ऑटिझम स्पीक्स’ या अमेरिकी संस्थेचा होता. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाबरोबरच्या त्यांच्याच खेळाचे चित्रीकरण दाखवून शिकवले. मुले आपणहून पालकांशी संवाद सुरू करू लागल्याचे 2016 साली छापून आले. पालक इथे नुसता माहितीचा स्रोत नव्हता, उपचाराचा हात होता.

आता पैशाच्या वाटा पाहू. आयसीएमआर संशोधनाला अनुदान देते. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. परदेशी पैसा येतो. पण 2020 च्या दुरुस्तीनंतर तो घेणाऱ्या संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. मोठ्या संस्थेने परदेशी अनुदान आणावे आणि त्यातला वाटा वस्तीतल्या छोट्या पालकगटाला द्यावा, ही वाट बंद झाली. उरते ती देशातली मदत आणि पालकगटाची स्वतःची नोंदणी.

आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी व्यक्तीला प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते. सात वर्षांवरच्या मुलाची संमतीही विचारावी लागते. म्हणजे नियम आडवा येत नाही. अर्जाच्या अंदाजपत्रकात ती ओळ लिहिलेली नसते, म्हणून रिक्षाचे पैसे घरचे जातात.

आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर एसएनडीटी विद्यापीठाचे जुहू संकुल आहे. अशा ठिकाणच्या संशोधकाने उद्या कोळीवाड्यात घरे शोधली, तर माझी सूचना एवढीच : अर्जातच चार ओळी लिहाव्यात. प्रवास, बुडालेला दिवस, मराठी फॉर्म, आणि निष्कर्ष सांगण्यासाठी वस्तीत एक सभा. बहिणीला मी हे वाचून दाखवले. ती म्हणाली, ‘शेवटची ओळ पहिली लिही.’