पायी फिरता येईल एवढा वॉर्ड

डिसेंबरमध्ये आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी मला मतदार यादीची पीडीएफ पाठवली आणि विचारलं, "एक्सेल करून देशील का?" काका वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. गटार तुंबलं, नळाला पाणी आलं नाही, कुणाचा दाखला अडला, की लोक पहिला फोन त्यांनाच करतात. १५ जानेवारी २०२६ च्या ठाणे महापालिका निवडणुकीला त्यांना अपक्ष उभं राहायचं होतं. यादी एवढी मोठी होती की माझा लॅपटॉप अडकला. मग मी याच भागात आधी नगरसेवक कसे तयार झाले ते वाचायला लागलो.

एमआयडीसी स्थापन झाली १ ऑगस्ट १९६२ ला, आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक म्हणजे वागळे इस्टेट. कारखाने आले, त्यामागून साताऱ्या-कोकणातली माणसं आली. त्यांच्यासाठी घरं मात्र कुणी आखली नव्हती. किसननगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर अशा वस्त्या दाटत गेल्या. नळ, संडास, रस्त्यावरचा दिवा, प्रत्येक गोष्ट मागून घ्यावी लागायची. असं मागायला जो जातो, तोच पुढे निवडणुकीला उभा राहतो.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण किसननगरचंच. साताऱ्यातल्या दरे गावचे एकनाथ शिंदे इथे वाढले, रिक्षा चालवली, आनंद दिघे यांच्या हाताखाली किसननगरचे शाखाप्रमुख झाले आणि १९९७ ला नगरसेवक म्हणून निवडून आले. त्यांचं पुढचं राजकारण तुम्हाला पटो न पटो, ही पहिली पायरी नीट बघण्यासारखी आहे. तेव्हा एका वॉर्डातून एकच नगरसेवक निवडला जायचा. शाखेच्या बाकड्यावर जी माणसं तक्रार घेऊन येत, साधारण तीच मतदार. वॉर्ड पायी फिरता यायचा.

त्यानंतर राज्य सरकारने मुंबई सोडून इतर महापालिकांत हा आकडा इतक्यांदा बदलला की आमच्या ऑफिसात एखादं कॉन्फिग एवढ्या वेळा बदललं असतं तर कुणाला तरी जाब विचारला असता. २००२ ला एका प्रभागात तीन नगरसेवक. २००७ ला परत एक. २०१२ ला दोन. २०१७ ला चार. २०१९ च्या अखेरीस सरकार बदललं, पुन्हा एक ठरला. २०२१ ला तीन. २०२२ ला नवं सरकार आलं आणि परत चार. शेवटच्या तिन्ही निर्णयांच्या वेळी शिंदे सत्तेत होते, आधी नगरविकास मंत्री म्हणून आणि मग मुख्यमंत्री म्हणून. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत २०१५ ला १२२ प्रभाग होते आणि एका प्रभागाला एकच नगरसेवक होता. तिथेही आता पॅनेल आलं.

चारच्या बाजूनेही युक्तिवाद आहे. एकाच प्रभागात आरक्षित आणि खुल्या जागा एकत्र राहतात, महिलांच्या निम्म्या जागा सगळीकडे पसरतात, आणि एकाच माणसाची दादागिरी चालत नाही. त्यातला पहिला भाग मला मान्य आहे. दादागिरीचं म्हणाल तर ती चौघांतही वाटून घेता येते.

पण साधा हिशोब करा. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार, जागा १३१. म्हणजे एका जागेमागे १४ हजार माणसं, आणि चौघांच्या प्रभागात ५६ हजार. पक्षाचे चार उमेदवार हे क्षेत्र वाटून घेतात, एका पत्रकावर चार फोटो छापतात, खर्च विभागतात. अपक्ष उभा असतो अ, ब, क, ड पैकी एकाच जागेवर, पण दार ठोठवायचं ५६ हजारांचं. त्यात पक्षाचं चिन्ह लोकांना आधीपासून पाठ. अपक्षाला यंदा ते मिळालं ३ जानेवारीला, आणि प्रचार थांबला १३ ला. दहा दिवसांत आपली पाटी की कपबशी की शिट्टी एवढ्या लोकांच्या डोक्यात बसवायची. २०१७ ला १३१ पैकी दोन अपक्ष निवडून आले. ते कसे आले याचंच मला आश्चर्य वाटतं.

शिंदेही १९९७ ला अपक्ष नव्हते, हे विसरून चालणार नाही. त्यांच्यामागे शाखा होती, दिघे होते, टेंभी नाका होता. एकट्याने लढणं तेव्हाही सोपं नसणार. फरक एवढाच, की तेव्हा पक्षाला वॉर्डात पायी फिरलेला माणूस शोधावा लागायचा. आता चारांत एक तसा असला तरी भागतं.

शिवाय महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासकानेच कारभार पाहिला. या काळात नगरसेवकच नव्हते, म्हणून काकांचा फोन जास्तच वाजायचा.

मी त्यांना एक्सेल दिली. प्रभागाचा नकाशा उघडून त्यांनी बोटाने हद्द फिरवली. अर्ध्या भागात ते कधी गेलेलेच नव्हते. "तिकडचं गटार कुठे जातं तेही मला माहीत नाही," म्हणाले. अर्ज भरायची मुदत ३० डिसेंबरला संपली. त्यांनी भरला नाही.

पंधरा तारखेला आम्ही दोघं बरोबरच मतदानाला गेलो. त्यांनी चार बटणं दाबली. बाहेर आल्यावर मी विचारलं, किती जणांना ओळखता? म्हणाले, "एकाला. त्यानेही मला नीट ओळखलं नाही."