व्हर्नचा समुद्र आणि मराठी वर्ग : अद्भुताच्या अध्यापनाचा इतिहास

१८७२ या एकाच वर्षातील दोन वाङ्मयीन घटना शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. या वर्षी का. बा. मराठे यांचा 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' पुढे आला आणि मराठी कादंबरीच्या बाल्यावस्थेतच तिच्या अद्भुतप्रियतेवर गंभीर आक्षेप नोंदविला गेला. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांच्या वळणाच्या कादंबऱ्यांत असंभाव्य घटनांची रेलचेल असते व लोकव्यवहाराशी त्यांचा सांधा जुळत नाही, असा या आक्षेपाचा रोख होता. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर ते २२ डिसेंबर या काळात पॅरिसच्या 'ल तां' या दैनिकात ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांतील जगप्रवासाची कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातील सारे अद्भुत आगबोटींची वेळापत्रके, रेखांश आणि खर्चाची वही यांच्या आधाराने उभे होते. एकीकडे अद्भुत आणि लोकव्यवहार यांची फारकत सांगणारी समीक्षा, दुसरीकडे लोकव्यवहाराच्या मोजमापातूनच अद्भुत घडविणारी कादंबरी. या दोहोंची गाठ मराठी मुलुखातील वर्गात पडली ती फार उशिरा, आणि पडली तेव्हा वर्गाने मराठ्यांच्या काळची फारकतच व्हर्नवर लादली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

व्हर्न मराठीत येण्यापूर्वी मराठी वाचकाजवळ समुद्र नव्हता असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा, गलबते, बंदरे, लाकूड यांचा तेथील विचार काटेकोर व हिशेबी आहे. मात्र हा समुद्र राजनीतीचा आहे, कथेचा नव्हे. कथेतला समुद्र आला तो सिंदबादच्या पाठीवर बसून. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या आणि पुढे विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले यांनी पुऱ्या केलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' या ग्रंथाने तो मराठी घरांत पोचविला. सिंदबादच्या समुद्राला माप नाही. बेट म्हणून पाय ठेवावा तर ते माशाची पाठ निघते, आणि किती योजने आलो हा प्रश्न कोणी विचारीत नाही. समुद्रयात्रा कलिवर्ज्यांत गणणाऱ्या समाजाला असा मापाबाहेरचा समुद्र सोयीचाच होता, कारण तेथे जाण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. म्हणजे मराठीत मोजलेला समुद्र होता आणि अद्भुत समुद्रही होता, पण या दोघांची भेट झाली नव्हती. पुढे १९०२ मध्ये राजवाड्यांनी 'कादंबरी' या निबंधात अद्भुत व वास्तव या प्रवृत्तींची चर्चा युरोपीय कादंबरीच्या संदर्भात केली आणि कुसुमावती देशपांडे यांच्या 'मराठी कादंबरी : पहिले शतक'मध्ये आरंभीच्या अद्भुतरम्य कादंबरीची साक्षेपी मांडणी झाली. तरीही अद्भुत ही कादंबरीने मागे टाकायची पायरी आहे, हे गृहीतक आपल्या वाङ्मयेतिहासात टिकूनच राहिले.

व्हर्नच्या संहितेकडे पाहिले की या गृहीतकाची अडचण लक्षात येते. 'वीस हजार लीग समुद्राखाली' (१८६९-७०) या त्याच्या सागरी कादंबरीचे नावच एक माप आहे, आणि ते खोलीचे माप आहे असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक ते पाण्याखालून कापलेले अंतर आहे. व्हर्नची लीग चार किलोमीटरची धरली तर अंतर ऐंशी हजार किलोमीटर होते, म्हणजे पृथ्वीच्या परिघाच्या जवळजवळ दुप्पट. कोस दोन मैलांचा मानला तर हेच अंतर पंचवीस हजार कोसांच्या घरात जाते. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की अद्भुत ओसरत नाही, उलट तेथेच सुरू होते. पाणबुडी कशी असेल हे पाहण्याआधी वाचकाला ती किती चालली हे कळते आणि तो थक्क होतो. ऐंशी दिवसांच्या कादंबरीत हीच रीत अधिक धूर्तपणे वापरली आहे. मुंबई ते कलकत्ता हा लोहमार्ग जबलपूरमार्गे मार्च १८७० मध्ये सलग सुरू झालेला होता. व्हर्नने मात्र तो अलाहाबादच्या अलीकडे पन्नास मैल तुटलेला दाखविला आणि वर्तमानपत्रांनी मार्ग पूर्ण झाल्याची चुकीची बातमी दिली असे पात्राच्या तोंडी घातले. हत्ती, अरण्य, सती जाणाऱ्या औदाची सुटका हे सगळे या पन्नास मैलांत घडते. आधी माप पक्के करायचे, मग त्यात एक फट पाडायची आणि त्या फटीतून अद्भुताला वाट द्यायची, हा व्हर्नचा रूपबंध आहे. (त्या फटीत त्याने हिंदुस्थानविषयीचे आपल्या काळचे सारे पूर्वग्रहही भरले आहेत, हे विसरून चालणार नाही.)

मराठीत व्हर्नचा शिरकाव विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. कोचीत सुरू झालेल्या 'केरळ कोकिळ' मासिकात त्याच्या चंद्रप्रवासाचा अनुवाद क्रमशः आला. पण व्हर्न मराठी मुलांचा झाला तो भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांच्यामुळे. १९५१ मध्ये 'बालमित्र' सुरू करणाऱ्या भागवतांनी 'समुद्रसैतान', 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' असा व्हर्न मराठीत आणला, आणि तो घरबसल्या, पोटावर पालथे पडून वाचण्याजोगा केला. भागवतांचे ऋण मोठे आहे. परंतु या यशाचा एक परिणाम असा झाला की व्हर्न 'बालवाङ्मय' या कप्प्यात गेला. त्याचा वर्गाशी संबंध उरला नाही व समीक्षेशी तर नाहीच. ज्या समुद्रकथेला प्रौढ वाङ्मयाचा मान मिळाला ती हेमिंग्वेची, पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने' (१९६५) या अनुवादातून आलेली, आणि तिच्यात अद्भुत नावालाही नाही. अभिरुचीची ही उतरंड बोलकी आहे.

मराठवाड्यात हा वाचनव्यवहार आणखी उशिराचा. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे, तर मराठवाडा विद्यापीठ निघाले १९५८ मध्ये. पुण्यामुंबईच्या मुलाला जो व्हर्न वाचनालयातून सहज मिळाला तो केज किंवा अंबाजोगाईकडच्या खेड्यांत पिढीभराने मागे राहिला. तेथे सागरी साहसाची कादंबरी अनेकांच्या हाती प्रथम आली ती पाठ्यपुस्तकातून, आणि तीही इंग्रजीच्या. राज्य मंडळाच्या बारावीच्या 'इंग्रजी युवकभारती'त २०२० पासून कादंबरी या वाङ्मयप्रकाराला स्वतंत्र विभाग मिळाला. कादंबरीच्या इतिहासावर एक टिपण, आणि ब्रेथवेटची 'टू सर, विथ लव्ह', व्हर्नची 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' व कॉनन डॉयलची 'द साइन ऑफ फोर' यांतील उतारे अशी त्याची रचना होती. प्रश्नपत्रिकेची जागा कृतिपत्रिकेने घेतलेली असल्यामुळे या विभागावर प्रश्न नव्हेत, 'कृती' होत्या, आणि ऐंशीपैकी सोळा गुण त्यांच्यावर अवलंबून होते.

कृती या शब्दात एक आश्वासन आहे. विद्यार्थ्याने संहितेवर काही करावे, संहितेनेही त्याच्यावर काही करावे. प्रत्यक्षात स्वभावचित्र लिहा, स्थळकाळाचे महत्त्व सांगा, घटनांचा क्रम लावा, जोड्या जुळवा असे ठरीव साचे तयार झाले आणि मार्गदर्शिकांनी त्यांची उत्तरेही छापली. उतारा निवडला होता तो कादंबरीच्या अखेरचा : लिव्हरपूलची अटक, लंडनला पाच मिनिटांचा उशीर, औदाशी विवाहाचा निश्चय, आणि पूर्वेकडे गेल्यामुळे एक दिवस वाचल्याचा शोध. उकल हाती दिली, पण जिची उकल होते ती गाठ वगळली. ऐंशी दिवस ज्याने मोजले नाहीत त्याला एक्क्याऐंशिव्या दिवसाचा धक्का बसावा कसा? तो दिवस मग भूगोलाची माहिती होऊन बसतो. अद्भुत एका बाजूला, माहिती दुसऱ्या बाजूला : १८७२ ची फारकत येथे अध्यापनपद्धतीच्या रूपाने परत येते.

वगळलेल्या भागात एक वाक्य असे आहे की ज्याच्यासाठी निदान बीड जिल्ह्यात तरी संपूर्ण कादंबरी वर्गात यावी. मुंबईहून निघालेली फॉगची गाडी मालेगावापुढे जाते तेव्हा निवेदक जाता जाता वेरूळच्या लेण्यांचा आणि औरंगाबादचा उल्लेख करतो, व ते शहर आता निजामाच्या राज्यातील एका प्रांताचे मुख्य ठिकाण आहे असे सांगतो. गाडी थांबत नाही, फॉग खिडकीबाहेर पाहत नाही. बीडचा मुलूख १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता. युसूफ वडगावचा विद्यार्थी या जगप्रसिद्ध कादंबरीत कोठे आहे, असे विचारले तर उत्तर असे की तो त्या खिडकीबाहेर, न थांबलेल्या गाडीच्या दक्षिणेला आहे. त्या जागेवरून कादंबरी पुन्हा सांगणे ही खरीखुरी कृती ठरेल. 'दृष्टिकोन' या संज्ञेची व्याख्या पाठ करून जे हाती येत नाही ते तिच्यातून येईल.

केज तालुक्यातील हे गाव समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर आत आहे. तेथील मुलाने पाहिलेले मोठे पाणी बहुधा याच तालुक्यात धनेगावला अडविलेल्या मांजरेचे, आणि तेही २०१६ च्या उन्हाळ्यात आटून लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले होते. अशा वाचकाला समुद्र दाखवायचा कसा, ही शिक्षकाची अडचण म्हणून सांगितली जाते. ती मला फारशी खरी वाटत नाही. व्हर्नला समुद्र दाखवायचा नसतो, मोजायचा असतो, आणि मोजणीचा अनुभव या वाचकाजवळ लंडनच्या वाचकापेक्षा कमी नाही, किंबहुना अधिक आहे.

बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना करावी लागते. जाण्यापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल, नवराबायकोचा मिळून धरलेला एक कोयता, भरलेल्या टनांची नोंद, खाडे आणि शेवटी अंगावर राहिलेली बाकी : हा प्रवास दिवसांत आणि रुपयांत मोजला जातो. आता कादंबरीचा शेवट पाहावा. फॉग वीस हजार पौंडांची पैज जिंकतो, पण त्यांतले जवळजवळ एकोणीस हजार वाटेत खर्ची पडलेले असतात. उरलेले हजार तो नोकर पासपार्तू आणि गुप्त पोलीस फिक्स यांना वाटून देतो. मात्र निघताना पासपार्तूच्या खोलीत चुकून जळत राहिलेल्या गॅसबत्तीचे एक हजार नऊशे वीस तासांचे बिल तो, केवळ नियम म्हणून, नोकराच्या वाट्यातून कापून घेतो. ऐंशी गुणिले चोवीस. मार्गदर्शिकांच्या साच्यात हे फॉगच्या 'काटेकोर स्वभावा'चे उदाहरण ठरते. ज्या मुलाने घरी उचलीचा हिशेब फिटताना ऐकला आहे त्याला हे वाक्य वेगळे ऐकू येईल. पृथ्वीप्रदक्षिणा दोघांनी केली, वही एकाकडे होती. पासपार्तूच्या बाजूने तो हिशेब मांडायला लावणे ही कृती पाठ्यपुस्तकाच्या मर्यादेतही शक्य आहे, कारण तो भाग कादंबरीच्या शेवटाशीच येतो.

हरवलेल्या आणि सापडलेल्या दिवसासाठीही समुद्राची गरज नाही. युसूफ वडगाव सुमारे शहात्तर पूर्व रेखांशावर आहे, भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने वर्षाच्या सरासरीत तेथील सूर्य घड्याळातील बारा वाजल्यानंतर पंचवीस-सव्वीस मिनिटांनी माथ्यावर येतो. शाळेच्या पटांगणात काठी रोवून सावली सर्वांत आखूड केव्हा होते हे महिनाभर टिपले, तर घड्याळ आणि सूर्य यांच्यातली ती फट मुलांच्या नजरेला पडेल. (ती रोज सारखी नसते, हेही त्यांना दिसेल आणि अधिक प्रश्न निर्माण होतील.) फॉगच्या विजयाला कारण झालेली फट हीच आहे, फक्त तिनशेसाठ अंशांवर ताणलेली. ही कृती भूगोलाची की साहित्याची, असा वाद कोणी घालील. व्हर्नच्या बाबतीत तो वाद मुळातच निरर्थक आहे.

आणखी एक प्रसंग 'समुद्रसैतान'च्या मूळ कादंबरीतला. प्राध्यापक आरोनाचा सेवक कोन्सेय याला माशांचे वर्ग, गण, कुळे सारे मुखोद्गत आहे, पण समोरचा मासा कोणता हे त्याला ओळखता येत नाही. तिमिंगिलांवर भाला टाकणारा नेड लँड प्रत्येक मासा नावानिशी ओळखतो, पण त्याला वर्गीकरण ठाऊक नाही. काचेपलीकडून मासे जात असतात आणि हे दोघे एकमेकांना पुरवणी देत असतात. दोघे मिळून एक नामांकित निसर्गशास्त्रज्ञ होतील, असा शेरा निवेदक मारतो. विनोदी म्हणून वाचला जाणारा हा प्रसंग ज्ञानाच्या दोन जातींविषयी आहे आणि आपल्या प्रत्येक वर्गात दोन्ही जातींचे विद्यार्थी बसलेले असतात. गुणपत्रिका मात्र कोन्सेयलाच ओळखते. मरळ, वाम, चिलापी हे मांजरेतले मासे ओळखणारा मुलगा आणि शास्त्रीय संज्ञा पाठ असलेली मुलगी यांना तोच संवाद आपल्या माशांवर रचायला सांगता येईल.

पाणबुडीचा नायक कोण, हे या कादंबरीत कळत नाही. सिंहलद्वीपाजवळ एका गरीब पाणबुड्याला शार्कपासून वाचवून निमो त्याच्या हाती मोत्यांची पिशवी ठेवतो आणि आपण दडपलेल्यांच्या देशाचे आहोत असे सुचवितो, एवढेच. व्हर्नच्या मनात तो आरंभी रशियाशी वैर धरणारा पोलिश सरदार होता. रशियातील विक्रीच्या काळजीने प्रकाशक हेत्झेलने ते नाकारले. पुढच्या 'गूढ बेट' (१८७४-७५) या कादंबरीत निमो हा बुंदेलखंडच्या राजाचा पुत्र, १८५७ च्या उठावात लढलेला राजपुत्र दक्कर असल्याचे उघड होते. ऐंशी दिवसांच्या कादंबरीतली औदाही बुंदेलखंडच्याच एका राजाची विधवा. एकाच मुलुखातून व्हर्नने एक पात्र चितेवरून उचलून लंडनला नेले आणि दुसरे राज्य गमावून समुद्राच्या तळाशी. ही दोन पात्रे समोरासमोर आणून वाचावीत, असे मराठी समीक्षेला अद्याप वाटलेले दिसत नाही. तिने व्हर्न मुलांच्या कपाटात ठेवला, आणि वर्गाने त्या कपाटातून एकच उतारा बाहेर काढला.