खेळाडूंच्या बनावट स्वाक्षऱ्या

खेळाडूंच्या बनावट स्वाक्षऱ्या म्हणजे नामवंत खेळाडूच्या हस्ताक्षराची नक्कल करून चेंडू, बॅट, छायाचित्र इत्यादी वस्तूंवर केलेल्या आणि अस्सल म्हणून विकल्या जाणाऱ्या सह्या होत. ऑनलाइन खरेदीत वस्तू पारखण्यापूर्वीच पैसे मोजावे लागत असल्याने फसवणुकीस अधिक वाव मिळतो.

ऑपरेशन बुलपेन

या प्रकारातील सर्वाधिक गाजलेले प्रकरण अमेरिकेतील आहे. एफबीआयच्या सॅन डिएगो कार्यालयाने १९९० च्या दशकात हा तपास केला. बेसबॉलपटू टोनी ग्विन यांना आपल्या नावाच्या खोट्या सह्या विकल्या जात असल्याचा संशय आला व त्यांनी तपासास साहाय्य केले. बेब रूथ, मिकी मँटल यांच्या बनावट सह्यांबरोबर मदर तेरेसा यांची ‘सही’ असलेला बेसबॉलही हाती लागला. असा चेंडू खपू शकतो, यावरून ग्राहकांच्या भाबडेपणाची कल्पना येते. अस्सलतेची प्रमाणपत्रेही बनावट होती. पुढे २००१ मध्ये मेजर लीग बेसबॉलने साक्षीदारासमक्ष सही घेऊन वस्तूवर क्रमांकित होलोग्राम लावण्याची पद्धत सुरू केली.

परीक्षण

अक्षरापेक्षा कालविसंगती अनेकदा आधी उघडी पडते. रूथ यांचे निधन १९४८ मध्ये झाले. शार्पी हे मार्कर पेन १९६४ मध्ये बाजारात आले, त्यामुळे त्या शाईतील रूथ यांची सही खरी असणे अशक्य. अमेरिकन लीगच्या चेंडूंवर तत्कालीन अध्यक्षांचे नाव छापलेले असे. जो क्रोनिन हे १९५९ मध्ये अध्यक्ष झाले, म्हणून त्यांच्या नावाच्या चेंडूवरील रूथ यांची सहीही खोटीच ठरते.

अस्सल सही सहसा वेगाने केलेली असते. नक्कल करणारा मात्र अक्षर जणू रेखाटतो; त्यामुळे रेषेत कंप, एकसारखा दाब आणि मध्येच पेन उचलल्याच्या खुणा दिसतात. तुलनेसाठी त्याच कालखंडातील नमुना घ्यावा लागतो, कारण वयानुसार सही बदलते. दोन सह्या तंतोतंत जुळल्या, तर ठसा किंवा सही करणाऱ्या यंत्राचा संशय घ्यावा. छापील सही भिंगाखाली बहुधा ठिपक्यांची दिसते. बॅटवरील उत्पादकाने छापलेली खेळाडूची सही ही तर स्वाक्षरीच नव्हे.

खरेदीतील दक्षता

सहीचे जवळून घेतलेले छायाचित्र मागवावे आणि ते अन्यत्र वापरलेले नाही ना, हे शोधून पाहावे. प्रमाणपत्राचा क्रमांक देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळावा. विक्रेत्याने पाठवलेला दुवा त्यासाठी वापरू नये. क्रमांक जुळला तरी नोंदीतील वस्तू तीच आहे का, हे तपासावे लागते, कारण खरा क्रमांक खोट्या वस्तूवर छापता येतो. खेळाडू सही करतानाचे छायाचित्र त्याच वस्तूचे असेल असेही नाही. एकाच विक्रेत्याकडे दिवंगत खेळाडूंच्या दुर्मीळ सह्या स्वस्तात आणि सतत उपलब्ध असणे संशयास्पद मानले जाते.