क्षारमापनाची वाटचाल
पाण्याची क्षारता, म्हणजे त्यात पडलेले आम्ल निष्प्रभ करण्याची त्याची क्षमता, आज ज्या अनुमापनाने, म्हणजे ठाऊक तीव्रतेचे आम्ल थेंबाथेंबाने घालून, मोजतात, त्याचे मूळ जलपरीक्षणात नसून कापड शुभ्र करण्याच्या विरंजन व्यवसायात आहे. स्कॉटलंडमधील फ्रान्सिस होम यांनी १७५६ मध्ये विरंजनाच्या राखेतील क्षाराचा कस पाहताना त्यात सौम्य नायट्रिक आम्ल चमच्याचमच्याने घातले आणि फसफसणे थांबेपर्यंत किती चमचे लागले ते मोजले. मोजमाप ओबडधोबड खरे, पण अभिक्रियेचा शेवट गाठून तेथेच थांबण्याची मूळ कल्पना त्यात स्पष्ट आहे, आणि तिचे मोल मोठे आहे. पुढे फ्रान्समध्ये देक्रोआझी आणि गे-ल्युसाक यांनी अंशांकित नळ्यांनी या पद्धतीला नेमकेपणा आणला. तथापि लिटमससारख्या दर्शकाचा, म्हणजे रंग पालटून शेवट सुचवणाऱ्या द्रव्याचा, रंग विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे फसवा ठरे, म्हणून द्रावण उकळून घ्यावे लागे. १८७० च्या दशकात फिनॉल्फ्थॅलिन आणि मेथिल ऑरेंज वापरात आल्यावर ही अडचण बरीच सरली: सामू, म्हणजे आम्लता-अल्कतेचा निर्देशांक, सुमारे ८.३ वर येताच पहिल्याची गुलाबी छटा विरते, तेव्हा कार्बोनेटचे बायकार्बोनेट झालेले असते, आणि ४.५ च्या आसपास दुसऱ्याचा पिवळा रंग नारिंगीकडे झुकतो, तेव्हा बायकार्बोनेटही संपलेले असते.