परदेशस्थांच्या निर्वाहखर्चाची तुलना : डॉ. आनंदीबाई जोशी ते क्रयशक्ती समानता (इ.स. १८८३ ते २०१७) – कल्याण-ठाणे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

परदेशी जाणाऱ्या व्यक्तीपुढे पहिला व्यावहारिक प्रश्न उभा राहतो तो तेथील राहणीच्या खर्चाचा. तेथे मिळणारे वेतन येथील चलनात किती होते, आणि तेथील घरभाडे, अन्न, वस्त्र व इंधन यांचा खर्च येथील खर्चाच्या किती पट आहे, असा हिशेब प्रत्येक कुटुंबात मांडला जातो. ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबांना हा हिशेब अपरिचित नाही. मात्र त्याचा इतिहास बहुधा इ.स. १९७० नंतरच्या आखाती स्थलांतरापासून किंवा त्यानंतरच्या संगणक व्यवसायातील नोकऱ्यांपासून सुरू केला जातो. वस्तुतः कल्याणच्या एका तरुणीला हा प्रश्न त्यापूर्वी सुमारे ९० वर्षे पडला होता. ती म्हणजे डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी.

आनंदीबाईंच्या जीवनाचा अभ्यास प्रामुख्याने स्त्रीशिक्षण आणि सामाजिक सुधारणा या अंगांनी झाला आहे व ते योग्यच आहे. तथापि त्यांच्या अमेरिकेतील वास्तव्याकडे निर्वाहखर्चाच्या इतिहासातील एक उदाहरण म्हणूनही पाहता येते. प्रस्तुत लेखात ते उदाहरण केंद्रस्थानी ठेवून दोन देशांतील राहणीच्या तुलनेची पद्धत कशी बदलत गेली, याचा मागोवा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) आनंदीबाई जोशी यांच्या अमेरिकेतील वास्तव्याचा निर्वाहखर्चाच्या दृष्टीने विचार करणे.
२) रुपयाच्या बदलत्या विनिमय दराचा परदेशस्थांच्या हिशेबावर झालेला परिणाम पाहणे.
३) आधुनिक क्रयशक्ती समानतेची उपयुक्तता व मर्यादा स्पष्ट करणे.

कल्याण : पार्श्वभूमी

कल्याण हे प्राचीन बंदर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख येतो आणि कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने नोंदलेली आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली व १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत पोहोचली. बंदराचे महत्त्व ओसरत असताना हे गाव रेल्वे, टपाल आणि सरकारी नोकरी यांच्या नव्या जगाशी जोडले गेले.

याच गावच्या जोशी घराण्यात आनंदीबाईंचे बालपण गेले. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले अपत्य अवघ्या दहा दिवसांत दगावले. या दुःखातून त्यांच्या मनात वैद्यकीय शिक्षणाचा निश्चय दृढ झाला. गोपाळरावांच्या बदल्यांमुळे अलिबाग, कोल्हापूर, भूज असा प्रवास करीत हे दांपत्य बंगालमधील श्रीरामपूर येथे आले. तेथून आनंदीबाई एकट्या अमेरिकेस निघाल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले आणि ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या.

रुपया, पेन्स आणि डॉलर

आनंदीबाई निघाल्या त्या काळात भारताचे चलन चांदीवर, तर इंग्लंड व अमेरिकेचे चलन सोन्यावर आधारलेले होते. इ.स. १८७० नंतर जर्मनीसह अनेक देशांनी सुवर्णचलन स्वीकारल्याने चांदीचा भाव घसरू लागला. परिणामी इ.स. १८७० च्या सुमारास सुमारे २४ पेन्स मोलाचा असणारा रुपया १८८३ मध्ये सुमारे साडेएकोणीस पेन्सवर आणि १८८६-८७ मध्ये सुमारे साडेसतरा पेन्सवर आला. एका डॉलरचे मूल्य सुमारे ४९ पेन्स धरल्यास १०० डॉलरच्या खर्चासाठी २४ पेन्सच्या दराने सुमारे २०५ रुपये पुरले असते. १८८३ मध्ये सुमारे २५० आणि १८८६-८७ मध्ये सुमारे २८० रुपये लागत. म्हणजे आनंदीबाईंच्या तीन वर्षांच्या वास्तव्यातच भारतातून पाठविलेल्या प्रत्येक रुपयाचे डॉलरमधील मोल सुमारे एकदशांशाने कमी झाले. फिलाडेल्फियातील कोळसा किंवा भाडे महाग झाले नसले, तरी टपाल खात्यातील नोकराच्या घरातून पाहता ते महाग झालेच होते.

येथे विनिमय दराची पहिली मर्यादा लक्षात येते. देशांतर्गत बाजारात रुपयाची खरेदीशक्ती त्या प्रमाणात घटली नव्हती. रुपयात मिळवून रुपयात खर्च करणाऱ्या माणसाला चांदीच्या घसरणीची झळ विशेष जाणवत नसे. ती जाणवे रुपयात मिळवून डॉलरमध्ये वा पौंडात खर्च करणाऱ्याला.

फिलाडेल्फियातील संसार

न्यूजर्सीतील रोझेल येथील थिओडोशिया कार्पेंटर या गृहिणीने आनंदीबाईंना घरी आश्रय दिला. आनंदीबाई त्यांना मावशी मानीत. पहिले काही महिने या घरी गेल्याने भाडे व अन्न यांचा भार पडला नाही. १८८३ च्या शरद ऋतूत त्या पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. त्यांना शिष्यवृत्तीही मिळाली. खऱ्या अर्थाने संसाराचा हिशेब येथून सुरू झाला.

या हिशेबाची दिशा अमेरिकेच्या बाजारपेठेने ठरविली नव्हती. ती ठरली होती २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे झालेल्या त्यांच्या भाषणात. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, अशा आशयाची ग्वाही त्यांनी तेथे दिली होती. आजच्या अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर या ग्वाहीने त्यांची ‘उपभोग्य वस्तूंची टोपली’ निश्चित केली. शाकाहार, स्वतः केलेला स्वयंपाक आणि भारतीय वेश या तीन गोष्टी तिच्यात अटळ होत्या.

फिलाडेल्फियातील सामान्य विद्यार्थिनीची टोपली वेगळी होती. खानावळीत मिळणारे मांसाहारी जेवण, जाड लोकरी पोशाख व बूट यांची तेथे सोय होती व त्यांचा खर्च ठरलेला होता. आनंदीबाईंना मात्र अभ्यास सांभाळून स्वयंपाक करावा लागे. त्यांच्या पहिल्या बिऱ्हाडातील शेगडीचा धूर खोलीत कोंडत असे. त्यामुळे धूर सोसावा की थंडी, एवढीच निवड उरे. नऊवारी लुगड्याने पोटऱ्या उघड्या राहत असल्याने त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. वेश भारतीयच राहिला, पण हवामानाशी एवढी तडजोड करणे त्यांना भाग पडले. पुढे महाविद्यालयाच्या अधिष्ठाता डॉ. रेचेल बॉडली यांनी त्यांना आपल्या घरी राहावयास नेले.

या तपशिलांतून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. कल्याणात सकाळचा भात, वरण, भाजी यांसाठी घरातील स्त्रियांचे श्रम उपलब्ध असत. त्यांची किंमत कोणत्याही जमाखर्चात लिहिली जात नसे. फिलाडेल्फियात तेच अन्न मिळविण्यासाठी विद्यार्थिनीचा वेळ, झोप आणि शरीराची ऊब खर्ची पडत होती. हा खर्चही जमाखर्चात लिहिला गेला नाही. दोन्ही देशांतील तांदळाचे व कोळशाचे भाव शेजारीशेजारी मांडले, तरी हा फरक दिसत नाही.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली. या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागासाठी त्यांची नियुक्तीही झाली. परंतु तोपर्यंत क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची २२ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, पुणे येथे त्यांचे निधन झाले. क्षय हा त्या काळी भारतात व अमेरिकेत सर्वत्र आढळणारा असाध्य रोग होता. त्याचे खापर एका धुरकट शेगडीवर फोडणे शास्त्रीय ठरणार नाही. मात्र त्यांच्या परदेशातील निर्वाहखर्चात प्रकृतीचा वाटा होता, हे नाकारता येत नाही.

आखाती रुपयाचा काळ

विसाव्या शतकाच्या मध्यास तुलनेचे स्वरूप पालटले. कुवेत, बहारीन, कतार, ओमान व आजची संयुक्त अरब अमिराती या प्रदेशांत भारतीय रुपयाच व्यवहारात होता. तेथे गेलेल्या भारतीयाला भाव रुपयातच दिसत, त्यामुळे त्याला गुणाकार करावा लागत नसे. सोन्याच्या चोरट्या आयातीला आळा घालण्यासाठी भारत सरकारने १९५९ मध्ये या प्रदेशासाठी स्वतंत्र नोटा काढल्या. त्या ‘आखाती रुपया’ म्हणून ओळखल्या जातात. कुवेतने १९६१ मध्ये व बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचे चलन सुरू केले.

६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला. १०० रुपयांचे मोल २१ डॉलरवरून सुमारे १३ डॉलरवर आले. त्यानंतर कतार व अमिरातींनी रुपया सोडला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला. १९७३ मध्ये अमिरातींचा दिरहॅम अस्तित्वात आला. त्याच वर्षी तेलाच्या किमती भडकल्या आणि आखातात मजुरांना व कारागिरांना मोठी मागणी निर्माण झाली. कोकणाबरोबरच मुंब्रा, भिवंडी, कल्याण या परिसरातूनही लोक तिकडे गेले.

या स्थलांतरिताचा हिशेब आनंदीबाईंच्या नेमका उलट होता. त्या रुपयाचे डॉलर करीत होत्या, हा दिरहॅमचे रुपये करीत होता. रुपयाची घसरण त्यांना मारक, तर याला तारक ठरली. शिवाय त्याचे कुटुंब दोन बाजारांत विभागलेले होते. स्वतःचे जेवणखाण आखातातील भावाने, तर घरभाडे, मुलांची फी व आईवडिलांचे औषधपाणी ठाणे जिल्ह्यातील भावाने. अशा कुटुंबाच्या राहणीचे मोजमाप कोणत्याही एका शहराच्या भावाने करता येत नाही.

मोजमापाचे शास्त्र

मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कार्यालय स्थापन केले व मुंबईतील कामगारांचा निर्वाहखर्च निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला. त्यासाठी जुलै १९१४ हा पाया धरला होता. हा निर्देशांक एकाच शहरातील दोन काळांची तुलना करीत असे. दोन देशांची तुलना त्याच्या कक्षेबाहेर होती.

ती उणीव १९६८ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय तुलना प्रकल्पाने भरून काढण्याचा प्रयत्न केला. अर्व्हिंग क्रॅव्हिस, ॲलन हेस्टन व रॉबर्ट समर्स हे त्यातील प्रमुख संशोधक पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे, म्हणजे आनंदीबाई शिकल्या त्याच फिलाडेल्फिया शहरातील होते. पहिल्या टप्प्यातील दहा देशांत भारताचा समावेश होता. २०१७ च्या फेरीनुसार बाजारातील विनिमय दर एका डॉलरला ६५.१२ रुपये असताना क्रयशक्ती समानतेचा दर २०.६५ रुपये निघाला. अमेरिकेत एका डॉलरला मिळणाऱ्या वस्तू व सेवा २०१७ मध्ये भारतात सरासरीने सुमारे २१ रुपयांत मिळत होत्या, असा याचा अर्थ. डोंबिवलीतील कुटुंबाने त्या वर्षी मुलाच्या अमेरिकेतील पगाराला थेट ६५ ने गुणले असते, तर त्याच्या तेथील राहणीचा अंदाज तिपटीहून अधिक फुगला असता. मात्र तो घरी पैसे पाठवितो तेव्हा बाजारातील दरच खरा ठरतो.

निष्कर्ष :

१) विनिमय दर हा पैसे पाठविण्याचा दर आहे, राहणीचा नव्हे. १८८३ ते १८८७ आणि १९६६ या दोन्ही काळांत तो बदलला, परंतु त्याची झळ वा लाभ मिळकत कोठे व खर्च कोठे यावर अवलंबून राहिला.

२) क्रयशक्ती समानता ही अधिक शास्त्रशुद्ध कसोटी होय. तथापि ती संपूर्ण देशाच्या सरासरी टोपलीवर उभी आहे. आपला आहार, आचार व वेश टिकवू पाहणाऱ्या स्थलांतरिताची टोपली त्या सरासरीहून वेगळी असते व बहुधा महाग असते.

३) घरातील स्त्रियांचे बिनमोल श्रम, हवामान, एकटेपणा व आरोग्य यांचा समावेश कोणत्याही निर्देशांकात पुरेसा होत नाही. आनंदीबाईंचे उदाहरण याच दृष्टीने महत्त्वाचे आहे.

४) ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. या शहरांचा सामाजिक इतिहास लिहिताना परदेशस्थ सदस्य असलेल्या कुटुंबांच्या जमाखर्चाच्या वह्या, पत्रे व मनीऑर्डरच्या पावत्या ही मोलाची साधने ठरतील. ती नष्ट होण्यापूर्वी जतन होणे आवश्यक आहे. आनंदीबाईंची पत्रे जतन झाली म्हणूनच फिलाडेल्फियातील त्या थंड खोलीचा खर्च आज समजू शकतो.