बेळगावचे मेस्त्री आणि जीपगाडी

ज्या गावाच्या वाट्याला लष्करी छावणी, सह्याद्रीचा पाऊस आणि कोकण, गोमंतक व देश यांना जोडणाऱ्या सडका एकाच वेळी आल्या, त्या गावात मोटारदुरुस्तीची विद्या रुजली नसती तरच आश्चर्य वाटले असते. तथापि बेळगाव आणि निपाणी यांच्या दरम्यानच्या मुलखात गेल्या पाऊणशे वर्षांत या विद्येला जे विशिष्ट स्वरूप प्राप्त झाले, त्याचा विचार आपल्या इतिहासलेखनात अभावानेच होतो. किल्ले, सरदार, संस्थाने आणि सीमातंटा यांनी आमच्या इतिहासाची पाने व्यापली. ज्या हातांनी या मुलखातील दळणवळण चालू ठेवले, त्या हातांकडे पाहण्यास आम्हांस सवड झाली नाही. या हातांची खरी परीक्षा घेतली ती जुन्या जीपगाडीने, म्हणून तिच्याच अनुषंगाने हा वृत्तांत सांगणे योग्य होय.

बेळगावात यंत्रविद्येचे बीज पडले ते मोटारीच्याही आधी. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी येथे सायकलींच्या विक्रीचे व दुरुस्तीचे दुकान काढले; मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव पुढे येथेच आले, कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर त्यांनी येथेच घडविले. कारखान्याची जागा नगरपालिकेच्या हुकुमाने सोडावी लागली, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. एवढा मोठा उद्योग गावातून गेला ही बेळगावची हानी खरीच. परंतु बिघडलेले यंत्र फेकून न देता उघडून पाहावे, ही वृत्ती मात्र गाव सोडून गेली नाही.

निपाणीची कथा निराळी आहे. पुण्याहून येणारी लोहमार्गाची वाट मिरजेवरून बेळगाव-लोंढ्याकडे गेली, ती निपाणीला बाजूस टाकूनच. तंबाखूची एवढी मोठी पेठ, पण गावाला रेल्वेस्थानक नाही. सबब वखारींतील सारा माल सडकेने बाहेर पडणार, आणि सडकेवरची गाडी बंद पडली की पेठेचा व्यवहार अडणार. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी आपल्या भावाच्या मागणीसाठी पुणे-बंगळूर महामार्गच रोखून धरला, आणि त्या आंदोलनाचा शेवट गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण जाण्यात झाला. या सडकेवर पेठेचे जीवित किती अवलंबून होते, याचे याहून दारुण प्रमाण नाही. अशा गावात मोटारमेस्त्री ही चैनीची बाब नव्हती. तो पेठेचाच एक अवयव होता.

जीपगाडीचा संबंध मात्र प्रथम लष्कराशी. १९२२ पासून बेळगाव हे मराठा पलटणीचे केंद्र आहे, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोमंतकाच्या मुक्तीसाठी सैन्याची जमवाजमव झाली तीही येथेच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जन्मास घातलेली विलिस जीप युद्ध संपल्यावर लष्करी साठ्यांच्या लिलावांतून, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘डिस्पोजल’मधून, देशभर नागरी हातांत आली. तिचे सुटे भाग परदेशातून आणून मुंबईत माझगाव येथे जोडण्याचे काम महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाअखेर सुरू केले, आणि उंच बॉनेटची सीजे-३बी पुढे अनेक दशके आपल्याकडे बनत राहिली. ते बॉनेट उंच झाले ते शोभेसाठी नव्हे: आतल्या हरिकेन इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह माथ्यावर आल्यामुळे इंजिनाचीच उंची वाढली होती. मामलेदार, वनाधिकारी, ऊसवाले बागाईतदार आणि तंबाखूचे व्यापारी या सर्वांना ती मानवली, कारण जिथे सडक संपे तिथून पुढे तीच एक जाई.

या गाडीच्या दोषांत विजेचे दोष सर्वांत फसवे. मूळ लष्करी जीपची विद्युत्‌योजना ६ व्होल्टची होती, आणि १२ व्होल्टच्या गाडीशी तुलना करता तेवढेच काम करून घेण्यासाठी तिच्यातून दुप्पट प्रवाह वाहावा लागे. प्रवाह दुप्पट झाला म्हणजे तारेचा प्रत्येक सैल सांधा, प्रत्येक गंजलेला स्क्रू दुप्पट उपद्रव देणार, हे ओघानेच आले. त्यातून अशा गाडीत दिव्याकडे जाणारी तार एकच असते, परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. तो सांगाडा आंबोली-चोर्ल्याच्या पावसात वर्षानुवर्षे भिजलेला असला, की परतीच्या वाटेवर गंज चढतो आणि विजेला नसत्या वाटा सुचू लागतात. उजवीकडे वळण्याचा दिवा लावावा आणि मागचे सगळेच दिवे मिणमिणावेत, हा प्रकार पाहून नवशिका स्विच बदलतो, फ्लॅशर बदलतो, अखेर सारे वायरिंगच नवे घालण्याची तजवीज करतो. अनुभवी वायरमन मात्र मागच्या दिव्याच्या बुडाशी असलेला अर्थाचा स्क्रू काढून, लोखंड खरवडून पांढरे करून, तो पुन्हा घट्ट आवळतो, आणि काम तेवढ्यानेच संपते.

याहून विस्मयकारक उदाहरण इंजिनाच्या अर्थाचे. इंजिन रबराच्या उशांवर बसविलेले असल्यामुळे त्याचा चॅसिसशी विद्युत्‌संबंध राखण्यास तांब्याची विणलेली एक पट्टी लावावी लागते. ही पट्टी तुटली, की स्टार्टर ओढील तो जबर प्रवाह मिळेल त्या धातूतून परत जाऊ पाहतो, आणि मग चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल हाताला चटका बसेल इतकी तापते. केबल का तापली याचा उलगडा केबलकडे पाहून कधीच होणार नाही. वीज जशी जाते तशी ती परत आलीच पाहिजे, हे तत्त्व ज्याला उमगले आहे, त्यालाच तो होतो. या मेस्त्रींपैकी अनेकांनी शाळा लवकर सोडली असेल, पण हे तत्त्व त्यांच्या बोटांत होते.

बॅटरीविषयीही हेच. सेल मारला आणि इंजिन फिरले नाही, तर शिकाऊ पोऱ्या बॅटरीवर आळ घेऊन मोकळा होतो. जाणता मेस्त्री हेडलाइट लावून मगच सेल मारायला सांगतो. दिवे मंदावून विझू लागले, तर बॅटरीत दम नाही, अथवा तिच्या टर्मिनलवर पांढरा क्षार साचून वाट अडली आहे. दिवे जसेच्या तसे प्रखर राहिले आणि स्टार्टर मात्र ढिम्म, तर दोष सोलेनॉइडात, कार्बन ब्रशांत किंवा तिथवर जाणाऱ्या तारेत शोधावा. रात्रभर उभी केलेली गाडी सकाळी निष्प्राण सापडली, तर डायनामोच्या कटआऊटकडे संशयाने पाहावे, कारण त्याचे संपर्कबिंदू चिकटून बसले की बॅटरीच उलट डायनामोत रिती होत राहते. आठ आण्यांचा बल्ब आणि दोन तारा एवढ्या सामग्रीवर चाललेला हा न्याय आहे. त्यातील प्रत्येक पायरी एकेक शक्यता रद्द करीत जाते, आणि रद्द करण्याचा हा क्रमच खरी विद्या होय.

पावसाने विजेखेरीज इतरही गोष्टी शिकविल्या. विलिस बनावटीच्या जुन्या जीपांचा वायपर विजेवर नव्हे, तर इंजिनाच्या शोषणशक्तीवर चाले; ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून चढ चढताना ती शक्ती क्षीण होते, म्हणजे सावंतवाडीकडून आंबोलीचा घाट चढताना मुसळधार पावसात, नेमक्या अडचणीच्या वेळी, वायपर काचेवरच थबके. हा बिघाड नव्हे, गाडीचा स्वभाव होय, असे ठाऊक असलेला चालक क्षणभर पाय उचलून काच पुसून घेई. उलट वैशाखात पेट्रोलची वाफ होऊन पंपाशी इंधन अडे, आणि ओले फडके पंपावर ठेवून दहा मिनिटे झाडाखाली थांबणे हाच इलाज असे. ओढा ओलांडल्यावर ड्रम ब्रेक लागत नाहीत, म्हणून पायाखाली ब्रेक किंचित दाबून धरीत थोडे अंतर जावे आणि ते कोरडे करावे, हीदेखील त्याच शिक्षणक्रमातील एक गोष्ट.

पुढे पेट्रोल महाग झाले आणि जीपांत डिझेल इंजिने आली: आधी इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातील, आणि १९८० च्या दशकात फ्रेंच प्यूजो घराण्याचे एक्सडीपी ४.९०, ज्याच्या नावातच चार सिलिंडर व ९० मिलिमीटर बोअर हे त्याचे वर्णन आहे. या इंजिनांचा एक गुण सीमाभागाला फार भावला. एकदा सुरू झाले, की त्यांना विजेची गरज नाही. बॅटरी मेलेली असो, तवंदीच्या घाटाच्या उतारावर धक्का देऊन गाडी सुरू करावी आणि थेट बेळगाव गाठावे. परंतु डिझेल संपले किंवा नळीला सूक्ष्म भेग पडली, तर पंपात हवा शिरते आणि इंजिन मुके होते. मग फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारीत राहावे, बुडबुडे थांबून निखळ धार येऊ लागली की तो आवळावा, यालाच ‘एअर काढणे’ म्हणत. बंगळूरच्या मायको कंपनीचे पंप आणि नोझल यांची जुळणी हे स्वतंत्र शास्त्र झाले. धुराचा रंग पाहून मेस्त्री निदान करू लागले: काळा धूर असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा असेल तर रिंगांतून ऑइल वर येते आहे, आणि गरम इंजिनही पांढरा धूर सोडीत राहिले तर न जळलेले डिझेल अथवा हेड गॅस्केटमधून शिरणारे पाणी.

निदान झाल्यावर भाग मिळण्याचा प्रश्न उरतो, आणि इथे बेळगावचे भाग्य थोर. टिळकवाडीच्या पलीकडे उद्यमबाग वसली. तेथील ओतशाळांनी आणि क्रँकशाफ्टपासून बारीक बुशापर्यंत घडविणाऱ्या यंत्रशाळांनी बेळगावचे नाव देशभरच्या मोटार उद्योगात पोहोचविले. जो बुश पेठेत मिळेना, तो लेथवर करून घ्यावा; जो क्रँक झिजला, तो ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग बसवावे. उत्तरेकडे कोल्हापूरचे उद्यमनगर, दक्षिणेकडे हुबळी, आणि मध्ये हा मुलूख. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, गाड्यांच्या पाट्या बदलल्या, कचेरीतील कागदांची भाषा बदलली. त्या निर्णयाचे शल्य या भागातील मराठी माणसाच्या मनात आजही आहे. गॅरेजात मात्र मराठी, कानडी आणि दख्खनी उर्दू या तिन्ही भाषा एकाच बॉनेटखाली बोलल्या गेल्या. कोणी उस्ताद, कोणी मेस्त्री, कोणी अण्णा. “उस्ताद, पाना द्या” म्हणणारा पोऱ्या आधी पाने पुसतो, मग चाके खोलतो, आणि पुष्कळ वर्षांनी एकदाचा इंजिनाला हात लावतो. त्याला कोणी पाठ देत नाही, तो पाहून शिकतो.

या विद्येची अंतिम कसोटी लागली ती वडापाच्या काळात. बस न पोचणाऱ्या खेड्यांतून माणसे वाहून आणणाऱ्या या जीपांत, पुढे ट्रॅक्समध्ये आणि १९९४ नंतर सुमंत मुळगावकरांच्या नावाची आठवण वागविणाऱ्या सुमोमध्ये, आसनांच्या दुपटीहून अधिक उतारू बसत, मागे लोंबकळत, क्वचित टपावरही चढत. कायद्याला ते मंजूर नव्हते आणि जिवाला ते धोक्याचे होते, यात शंका नाही. पण बाजारचा भाजीपाला, बाळंतीण आणि कॉलेजची मुले यांना दुसरे वाहनही नव्हते. या भाराने मेन पाटा तुटे, सेंटर बोल्ट कापला जाऊन आख तिरका होई, क्रॉस वाजू लागे, क्लच प्लेट जळे; आणि विशिष्ट वेगाला स्टिअरिंग थरथरू लागले, तर चाकांच्या तोलापासून आरंभ करून किंगपिनच्या बेअरिंगांपर्यंत क्रमाने जावे लागे. वडापाची गाडी एक दिवस उभी राहिली, तर त्या दिवसाचे उत्पन्न बुडे. म्हणून संध्याकाळी आलेली गाडी पहाटे सोडणे हा मेस्त्रीच्या अब्रूचा प्रश्न होता.

२०१७ साली बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची बंधने देशभर लागू झाली, आणि नव्या गाडीचा पंप संगणकाच्या आज्ञेत गेला. तो बदल हवेसाठी आवश्यकच होता. नवी गाडी आपला दोष संकेतांकाने स्वतःच सांगते, तरी तो संकेतांक गंजलेल्या अर्थामुळे उमटला की सेन्सर खराब झाल्यामुळे, हे ठरविण्यास अजून तोच जुना न्याय लागतो. आणि तो ज्यांना अवगत आहे, ती मंडळी आता वृद्ध होत चालली आहेत. त्यांच्या ज्ञानाचे पुस्तक नाही, शिष्यांची संख्या घटते आहे, आणि पंधरा वर्षांच्या नोंदणीची मुदत संपलेल्या जीपा एकेक करून भंगारात निघत आहेत.

उद्यमबागेतच १९७९ साली स्थापन झालेले गोगटे तंत्रमहाविद्यालय आहे, आणि १९९८ पासून राज्याचे तंत्रविद्यापीठही बेळगावातच आहे. या संस्थांतील अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना आमची नम्र विनंती अशी, की त्यांनी खडेबाजार, कॅम्प आणि निपाणीच्या महामार्गालगतच्या जुन्या गॅरेजांत जावे, एखादी तरी सीजे-३बी त्या वृद्ध मेस्त्रींकडून पुन्हा चालती करवून घ्यावी, आणि ते कोणत्या क्रमाने काय तपासतात, काय रद्द करतात, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. हे काम पुढच्या पिढीवर ढकलता येण्यासारखे नाही, ते याच दोन-चार वर्षांत झाले पाहिजे.